बोलण्यात सहा

१२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी हं-हं करून सुटते म्हणून तू पत्रच मागितलंस, तर घे. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आला. वाचणं, लिहिणं, ऐकणं चांगलं झालं; बोलण्यात मात्र नऊपैकी सहा. तिकडे परदेशात रोबोटिक्सला साडेसहा लागतात. विषयाचं कार्ड हातात देऊन दोन मिनिटं बोलायला सांगितलं. माझं चार वाक्यांत आटोपलं. परीक्षक बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी टेबलाकडे. आई म्हणते, पुन्हा बस, जूनअखेरपर्यंत मुदत आहे. मला धीर होत नाही. आजोबांना नमस्कार सांग.

तुझीच,
मुकी मैना

२० मार्च

चि. मैनेस,
अनेक आशीर्वाद.

दवाखान्यातली पाळी संपवून लिहितेय. अगं, तू मराठीत तरी कुठे बोलतेस? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रोज संध्याकाळी आजोबांना फोन कर आणि तू कॉलेजात बनवलेला तो यंत्राचा हात कसा चालतो, ते समजावून सांग. त्यांना कमी ऐकू येतं, तेव्हा अर्धवट वाक्यं चालायची नाहीत. शंकाही फार काढतात. मग तेच आरशापुढे इंग्रजीत बोल. त्यांना विचारलं, तर म्हणाले, मला काय, वेळच वेळ आहे.

लोभ आहेच, तो जरा मोठ्या आवाजात असू दे.
मावशी

५ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बोलण्यात सात मिळाले, प्रवेशही पक्का झाला. कार्डावर आवडत्या वस्तूबद्दल बोला असं होतं. मी यंत्राचा हात घेतला. धरलेला पेला तो का फोडतो, हे आजोबांनी इतक्यांदा विचारलं होतं की मी सांगतच सुटले: बोटाच्या टोकाला दाब कळला नाही, तर हाताला थांबायचं कसं कळणार? शेवटी बाईंनीच मला थांबवलं. आई अजून हसतेय.

एकच रुखरुख आहे. इतक्या लांबून माझं बोलणं आजोबांना ऐकू जाईल का?

तुझ्या मायेची,
मैना

१४ जून

चि. मैनेस,
अनेक आशीर्वाद.

आजोबांचं सगळ्या गल्लीला सांगून झालं. कानाच्या यंत्रासाठी मी किती वर्षं त्यांच्या मागे लागले होते. ऐकण्यासारखं बोलतंय कोण, म्हणून उडवून लावायचे. परवा स्वतःच म्हणाले, मला कानाच्या डॉक्टरांकडे ने. काल यंत्र घेऊन आलो. घरात पाऊल टाकल्याटाकल्या त्यांनी बजावलं, की तिचा फोन आला की बाकीच्यांनी गप्प बसायचं.

तेव्हा सावकाश जा, पोटभर बोल.
मावशी