वर न बघणारी चेचिलिया

तारांतो, २ ऑक्टोबर १९५७

ती. एर्सिलियाताईस,
दोनाताचा नमस्कार आणि एक तक्रार.

तक्रार जुनीच आहे. बावीस नोव्हेंबरला तरी येणार आहेस का? तुझे कान गेले आणि तू बोलोन्याला गेलीस, त्यानंतर वादकांच्या संत चेचिलियाच्या सणाच्या पहाटे मी पेत्तोल्यांचे पिठाचे गोळे तळते ते शेजारणींसाठीच. बँड गल्लीतून वाजवत येतो, सगळे गरम गरम उचलतात, आणि तू कशी आहेस असं विचारतात. तू बरी आहेस म्हणून सांगते आणि पुढचा घाणा कढईत सोडते.

आता बातमी. तू इतकी वर्षं जिथे ऑर्गन वाजवलास त्या चॅपेलातलं चेचिलियाचं चित्र ओल लागून पार गेलं. नवं काढायचं काम माझ्याकडे आलंय. शाळेत पोरांना पेले आणि सफरचंदं काढायला शिकवणाऱ्या बाईला याहून मोठं काय मिळणार? पण फादर एजिदियोंना तिचे डोळे आभाळाकडे हवेत. बँडचे प्रमुख पाल्मिझानो यांना तिच्याशेजारी क्लॅरिनेट हवी, कारण त्यांचा जावई ती वाजवतो. मी जुनी चित्रं बघत बसलेय. सगळीकडे तीच बाई, दाढ दुखत असल्यासारखी वर बघणारी. तुमच्या गावात तिचं ते मोठं चित्र आहे ना? जाऊन बघ आणि मला खरं काय ते लिही.

लोभ असू दे, राग असला तरी चालेल, पण उत्तर असू दे.
तुझी दोनाता


बोलोन्या, १३ ऑक्टोबर

चि. दोनातास,
अनेक आशीर्वाद, आणि पाय दुखवल्याबद्दल एक शिवी.

गेले होते. गुएरिनोलाही नेलं, पण नवरोबा बाकावर बसून झोपले. चित्रात चौघे संत आणि मध्ये आपली चेचिलिया. हातातला छोटा ऑर्गन तिने उलटा धरलाय, नळ्या निसटून खाली पडताहेत, पायाशी मोडकी वाद्यं. आणि बाई वर बघतेय, कारण वर देवदूत गाताहेत. मला वाकून ती वाद्यं उचलावीशी वाटली. फक्त त्या चौघांतली मारिया माग्दालेना सरळ माझ्याकडे बघत होती, तुलाही कंटाळा आला का, असं विचारत असल्यासारखी.

दोनाता, ऑर्गन वाजवणारी बाई आभाळाकडे बघत नाही. ती बोटांकडे बघते, पाय कुठल्या पट्टीवर पडतोय ते बघते, आणि समोरच्या आरशात पाद्री आटपताहेत का ते बघते. चेचिलियाने वाद्य खाली ठेवलं, कारण तिला वरचं गाणं ऐकू आलं. छान झालं तिचं. मी ठेवलं नव्हतं. माझं काढून घेतलं, आणि वरूनही मला काही ऐकू येत नाही.

मी येणार नाही. बँडवाल्यांचे नुसते फुगलेले गाल बघायला कोण येईल? आणि ते तुझे शेजारी, कानाशी येऊन ओरडणारे. त्यांच्या तोंडाला लसणाचा वास येतो, एवढंच मला कळतं. गुएरिनो म्हणतो, जा. त्याला चार दिवस निवांत पत्ते खेळायचेत.

जपून राहा. माझी माया आहेच, ती मागायला लावू नकोस.
तुझी ताई


तारांतो, २९ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार. आधी कबुली, मग बाकीचं.

चित्र झालं. चेचिलिया बोटांकडे बघतेय, खालचा ओठ दातांत धरून. चेहरा तुझा आहे. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

चॅपेलच्या समितीची मंडळी बघायला आली होती. पाल्मिझानो म्हणाले, हिचं कोणाशी तरी भांडण झालेलं दिसतंय. फादर बराच वेळ मान वाकडी करून उभे होते. मग म्हणाले, भाविकांनी हिच्याकडे बघायचं, आणि हिने कोणाकडे? तेवढ्यात त्यांची स्वयंपाकीण कार्मेला आत आली आणि म्हणाली, अगंबाई, ही तर एर्सिलिया, ऑर्गनचा भाता ओढणारा डुलकी घ्यायचा तेव्हा अश्शीच दिसायची. सगळे हसले. त्या हसण्यातच कसाबसा होकार मिळाला. क्लॅरिनेट मात्र चित्रात घालावी लागली. ती मी पडद्याआड अर्धी लपवलीय.

आता तरी ये. तू येऊन बघितल्याशिवाय ते चित्र मला पुरं वाटणार नाही.
तुझीच, रंगाने बरबटलेली
दोनाता


बोलोन्या, ५ नोव्हेंबर

दोनाता,
आशीर्वाद आज देत नाही.

माझा चेहरा पुसून टाक. माझ्यापुढे मेणबत्त्या लावणार लोक? बिचारी, बहिरी झाली आणि संत झाली, असं म्हणणार? मी तिथून निघाले ती याच कीवेला कंटाळून, आणि तू ती भिंतीवर टांगतेस. तुला वाटलं, मी खूश होऊन गाडीत बसेन. तू लहानपणापासून अशीच. आधी करायचं आणि मग डोळे मोठे करून बघायचं.

येत नाही. पुन्हा विचारू नकोस.
एर्सिलिया

ता. क. डावा अंगठा कुठे दाखवलायस? बोटांखाली वळवलेला हवा, बाहेर काढलेला नको.


तारांतो, १४ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

तुझी इच्छा मला न विचारताच अर्धी पुरी झालीय. चित्र चॅपेलात नेलं होतं. आज मी गेले तर डोळे बदललेले. होड्या रंगवतो ना तो तोतो, त्याला बोलावून समितीने तुझ्या पापण्या झाकून वर दोन निळे डोळे रंगवून घेतले. खाली बोटं तुझी, ओठ तुझा, अंगठा तू म्हणतेस तसाच वळलेला. आणि वर ते डोळे, छत गळतंय का हे बघणारे.

फादर हळूच म्हणाले, "दोनाता, रागावू नको. लोकांना संताच्या डोळ्यांत आभाळ हवं असतं."

घरी येऊन भांडी आपटली. तोतोचा रंग अजून ओला आहे, टर्पेंटाइनने निघेल, पण माझा हात उठत नाही. तुझ्यावर रागावू की त्यांच्यावर, हेही कळत नाही. यंदा मी पेत्तोले तळणार नाही आणि तुला ये म्हणणारही नाही. थकले.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळव.
दोनाता


बोलोन्या, १७ नोव्हेंबर

चि. दोनातास,
मागचे राहिलेले आशीर्वाद आणि आजचे, दोन्ही घे.

मी येईपर्यंत चित्राला हात लावू नकोस. वीस तारखेच्या गाडीने निघतेय. गुएरिनोने माझी बॅग माझ्याआधीच भरली, मेला.

माझे डोळे तपकिरी आहेत आणि उत्तम चालतात. माझ्याकडे जे उरलंय तेच नेमकं त्यांनी खोडलं. माझा चेहरा लावलायस तर आता तो माझाच राहू दे. आधी मी चॅपेलात उभी राहून स्वतःला स्वर्गात बघताना बघणार आहे. पोटभर हसणार आहे. मग तू शिडीवर चढ आणि पुस. मी शिडी धरते. सणाच्या पहाटे बँड आत येईल तेव्हा बाई कामात दिसली पाहिजे.

फादर खालून ओरडतील. ओरडू देत. त्यांना सांग, मला काही ऐकू येत नाही.

तुझी ताई
एर्सिलिया