झाकून ठेवलेलं ताट

१ नोव्हेंबर

आलो एकदाचे! ट्रकने वाटेत दोनदा मान टाकली, कपाटाचं एक दार निखळलं, आरशाला तडा गेला. माझ्या आईचं मातीचं खोल भांडं तेवढं सुखरूप पोचलं, कारण ते मी अख्ख्या प्रवासात मांडीवर घेऊन बसले होते. आर्विदास हसत होता, पोर घेऊन बसल्यासारखी बसलीयस म्हणे. हसू दे, नवराच तो. आईच्या मागे तिचं तेवढंच उरलंय माझ्याकडे.

घर मला आवडलं. पिवळं, लाकडी, मागे पाइनचं रान. माळ्यावर वर्तमानपत्रावर मांडलेली सफरचंदं, स्वयंपाकघरात भट्टीच्या वर वाळलेल्या अळंब्यांच्या माळा. सासूबाई वसंतात गेल्या, पण माळा अजून त्यांच्याच. गेनोवाइते त्यांचं नाव, सगळं गाव गेने म्हणायचं. जिवंत होत्या तेव्हा या स्वयंपाकघरात मला स्टुलावर बसून बटाटे सोलण्यापलीकडे परवानगी नव्हती, आणि सालं जाड निघतात म्हणून तीही नंतर काढून घेतली. आज सगळं स्वयंपाकघर माझं! वाईट वाटायला हवं होतं, खरं सांगायचं तर मजा वाटली.

आज गेलेल्यांचा सण, सगळा गाव दफनभूमीत दिवे लावायला गेलेला. प्रानासबाबा, म्हणजे सासरे, आर्विदासला घेऊन तिकडे गेले. मी सामान लावायला मागे राहिले. पोटात कावळे ओरडत होते. टेबलावर एक ताट झाकून ठेवलेलं दिसलं. कुट्टूच्या पिठाची बाबका, म्हणजे भट्टीत भाजलेली जाड वडी, वर परतलेल्या अळंब्या, बाजूला काळ्या पावाचा तुकडा. बाबांनी माझ्यासाठी ठेवलं असणार, किती विचारी माणूस, असं म्हणत मी ताट चाटूनपुसून साफ केलं.

ते सासूबाईंचं होतं. आमच्याकडे, माहेरी झेमाइतियात, गेलेल्या माणसाच्या ताटाशेजारी मेणबत्ती जळत असते, त्यामुळे कुणाची चूक होत नाही. बाबांनी आग लागायच्या भीतीने जाताना मेणबत्ती विझवून खिडकीत ठेवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा परत आले, रिकामं ताट बघितलं आणि म्हणाले, जाऊ दे पोरी, तिला कुणी ताटात टाकलेलं कधी खपायचं नाही.

३ नोव्हेंबर

लाकडाच्या वखारीत कामाला लागले. दिवसभर फोन, बिलं आणि ट्रकवाल्यांच्या शिव्या. घरी येईस्तोवर पायांचे तुकडे पडतात.

शेजारच्या स्तासेमावशी भेटायला आल्या. वय झालंय, दिसत नाही धड, जीभ मात्र तरतरीत. पहिल्याच वाक्यात मला सांगून टाकलं, की झेमाइतियातल्या बायका बैलासारख्या हट्टी असतात असं ऐकलंय, खरं का ते? मी म्हटलं, खोटं आहे आणि मी ते कबूल करणार नाही. खूप हसल्या. मग मी ताटाची गोष्ट सांगितली तेव्हा हसू मावळलं. म्हणाल्या, तिथल्या तिथे दुसरं ताट वाढून ठेवायचं होतंस गं बाई. गेलेल्याचा घास जो खातो, त्याच्या तोंडून मग गेलेलाच जेवायला लागतो. वर असंही म्हणाल्या, की गेने तर काय, एकदा बसली की उठायची नाही. मी घाबरले का? नाही. कंटाळा आला होता, भांडी पडली होती.

११ नोव्हेंबर

बाबा जेवत नाहीत. चमचा उचलतात, ठेवतात. ढिल्या झालेल्या पँटला दोरी बांधून फिरतात. डॉक्टरीणबाईंनी आर्विदासला बाजूला घेऊन बजावलं, असंच चाललं तर नाताळ दिसणार नाही त्यांना.

आर्विदासने रात्री विषय काढला. आईसारखी कूचोस करूया म्हणाला, नाताळच्या आदल्या संध्याकाळची ती बारा पदार्थांची पंगत. मांस नाही, दूध नाही, तरी बाबा वर्षभर तिची वाट बघायचे. मी विचारलं, करूया म्हणजे कोण करणार? सासूबाईंनी कधी काही लिहून ठेवलं नाही, कुणाला शिकवलं नाही. त्यांचं माप म्हणजे त्यांची मूठ. पण बाबांची ती दोरी बघवत नाही. मी हो म्हटलं, एका अटीवर. बारांतला एक पदार्थ माझ्या आईचा, सिबुलिने. खारवलेला हेरिंग मासा आणि कांदा घातलेलं गार, आंबट सार. आई गेल्यापासून एकही कूचोस मी त्याच्याशिवाय केलेली नाही. ते चुकलं तर ती खरोखरच गेली, असं मला वाटतं.

बाबांना सांगितलं तर कित्येक दिवसांनी चिडवलं त्यांनी मला. कांद्याचं पाणी? ते आमच्याकडे सर्दीला देतात, म्हणाले. बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर

कूचुकाय करून बघितले, ती बोराएवढी बिस्किटं, खसखस वाटून काढलेल्या दुधात भिजवून खायची. पहिला घाणा दगड निघाला. दुसऱ्या वेळी मी इतकी थकले होते की विचार करणंच सोडलं, आणि हात आपोआप चालायला लागले. खसखस मी नेहमी गार पाण्यात भिजवते, आज उकळतं पाणी ओतलं. का, ते सांगता येणार नाही.

बाबांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि रडायला लागले. अख्खा वाडगा संपवला, वर आणखी मागितला. आर्विदासही दारात उभ्याउभ्या मूठभर खाऊन गेला. मला कृतार्थ वाटलं, दुसरा शब्द नाही.

नंतर कॉफीत दोन चमचे साखर घातली. मी कधीच साखर घेत नाही. आर्विदास म्हणाला, आईसारखीच की गं.

२७ नोव्हेंबर

मधातले गहू, बीट आणि अळंब्या, क्रॅनबेरीचं दाट पेय, किसेल. सगळं पहिल्या फटक्यात जमतंय. बाबांनी पँटची दोरी सोडली, लाकडं फोडायला लागलेत. गावात भेटेल त्याला सुनेचं कौतुक सांगतात.

मी मात्र पार दमलेय. झोपून उठले तरी दमलेलीच. उजवा खुबा ठणकतो, जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. आज स्तासेमावशी अंगणात बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर त्यांनी मान न वळवता विचारलं, गेने, खुब्याला शेक दिलास का? मी म्हटलं, मावशी, मी योलिता. मग काठी टेकत घरी गेल्या. निरोपही घेतला नाही.

५ डिसेंबर

आज सिबुलिनेची रंगीत तालीम करायची होती. आईचं भांडं काढलं. हेरिंग साफ केला. कांदा हातात घेतला आणि थांबले.

कांद्याचं काय करायचं ते आठवेना. चिरायचा? उकडायचा? लहानपणापासून करतेय मी हे. आई भट्टीशी उकिडवी बसून काहीतरी करायची, तिची पाठ दिसते मला, हात दिसत नाहीत.

तेलशेच्या मावशीला, आईच्या बहिणीला, फोन केला. मी म्हटलं, मावशी, मी बोलतेय, आईचं सिबुलिने सांग ना. मावशी नम्रपणे म्हणाली, बाई, आपण कोण? योलिताच्या सासूबाई का? जरा योलिताला द्या ना फोन.

मी फोन ठेवला. उजव्या हाताने हेरिंग उचलून बादलीत टाकला.

११ डिसेंबर

आर्विदासला सगळं सांगितलं. ताट, खुबा, फोन. म्हणाला, तू दमली आहेस. मी म्हटलं, मला कूचोस करायची नाही. त्याने डोकं धरलं. बाबांना आता कसं सांगायचं, म्हणाला, दोन आठवडे कळ काढ, मग वाटेल तेवढी झोप. बोलताबोलता माझ्या हातून भांडं घेतलं, पुसायला लागला आणि म्हणाला, तू बस, आई.

त्याला कळलंसुद्धा नाही.

उजवा हात आता लिहीत नाही. पेन धरलं की बोटं मिटतात, पीठ मोजल्यासारखी. हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर वाकडं येतं, पण माझं आहे.

१७ डिसेंबर

पळून जायचं ठरवलं. सकाळी पिशवी भरली, आईचं भांडं घेतलं, बसच्या थांब्यावर बसले. बस येताना दिसली —

मग स्वयंपाकघर. अंगात एप्रन. पिशवीत खसखस. भांडं पिशवीत नाही.

बाबा म्हणतात, आज फार लवकर आवरलंस.

२१ डिसेंबर

उपाशी राहायचं ठरवलं. मी खाल्लं नाही तर सासूबाईही — पण तोंड चालूच असतं. रिकामं. दळल्यासारखं.

कपाटात एक फोटो सापडला. भट्टीपाशी एक बाई, मांडीत कांदे. चेहरा ओळखीचा वाटला. कोण असेल? डावा हात फोटो सोडेना. म्हणजे माझीच कुणीतरी —

थकले. देवा, किती थकले.

२४ डिसेंबर

टेबल मांडलंय. चादरीखाली गवत, रीतीप्रमाणे. अकरा पदार्थ.

दुपारी विल्मा आली, आर्विदासची बहीण, आयर्लंडहून. तीन वर्षांनी. माझ्याकडे बघितलं आणि गळ्यात पडून रडली. आई म्हणाली. पाठीवरून हात फिरवला मी तिच्या, उजवा. मग म्हणाली, बिचारी योलिता, माझी तर तिच्याशी नीट ओळखही झाली नाही.

आर्विदासने एक जादा जागा मांडली. फरच्या झाडाची डहाळी, न पेटवलेली मेणबत्ती. यंदा गेलेल्या माणसाची जागा. मी विचारलं, कुणाची? त्याने मान वर न करता सांगितलं, योलिताची, आई. दुसऱ्या कुणाची असणार?

मी ओरडले. बाहेर आवाज फक्त एवढाच आला, की मीठ आणा.

मग आठवलं! कांदा अख्खा निखाऱ्यात घालायचा. सालासकट, काळा होईपर्यंत. आईचे हात दिसले, राखेने माखलेले. आई! भांडं भट्टीमागे सापडलं. डाव्या हाताने केलं सगळं. सांडलं, भाजलं, पण झालं. बारावा पदार्थ. वास तोच.

आर्विदासने चव घेतली नाही. वाटी भरून त्या रिकाम्या जागी ठेवली आणि ताटाने झाकली. योलिताला आवडायचं, म्हणाला.

आता तो आणि बाबा पहिली चांदणी बघायला अंगणात गेलेत. ती दिसल्यावर मेणबत्ती लावायची, मगच जेवायचं. विल्मा गेली नाही, बूट भिजलेत तिचे. टेबलाशी एकटी आहे. इथून दार उघडं आहे, दिसतेय मला.

सकाळपासून उपाशी आहे ती. विमान, मग बस.

झाकण उचललं तिने. वास घेतला. तिला वाटतंय तिच्यासाठीच —

स्तासेमावशी म्हणाल्या होत्या. जो खातो त्याच्या तोंडून —

म्हणजे मी. विल्माच्या तोंडून मी. तिच्या हातांनी. तिला इथे कुणी अडवून ठेवणार नाही, ती आयर्लंडला परत जाईल, तिच्या पायांनी मी —

नको. मुलगी आहे कुणाची तरी. तिला सांगायला हवं.

चमचा घेतला तिने.

माझं तोंड उघडतंय. मी नाही उघडत. सासूबाई उघडतायत, लेकीला हाक मारायला, खाऊ नकोस म्हणायला. पहिल्यांदाच आम्हा दोघींना एकच —

नाही. एकच नाही. मला जगायचंय. खाऊ दे तिला.

उजवा हात त्यांचा. पाय त्यांचे. डावा अजून माझा आहे. पेन खाली ठेवते. त्या हाताने मला हे तोंड दाबून —