दसऱ्याला बंद असलेलं शोरूम

प्रिय बाबा,

उद्या सकाळी माझी मुलाखत आहे. मोटारींच्या त्याच शोरूममध्ये, जिथे गेल्या दसऱ्याला तुम्ही मला ओढत नेलं होतंत! आणि मुलाखत तीही पितृपक्षात. रागावू नका. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसलो.

आठवतं ना? साडेतीन मुहूर्तांतला एक, अर्ज आजच द्यायचा, म्हणून आईने मला कुंकू लावलं. पोचलो तर शटर खाली! दरवान म्हणाला, "पूजा की छुट्टी है बाबू, आज कौन मिलेगा?" सगळं कलकत्ता देवीला निरोप द्यायला निघालेलं, आणि आपण दोघं टाय लावून फुटपाथवर. तरी तुम्ही अर्ज शटरखालून सरकवलातच. बदली होऊन खिदिरपूरच्या कस्टम्समध्ये आलात, पण पंचांग साताऱ्याचंच ठेवलंत. कुणाला विचारायचं तरी होतं हो!

उत्तर आलं नाही. माघात तुम्हीच गेलात.

कस्टम्सचं क्वार्टर आता दिवाळीपर्यंतच आपलं. नोकरी लागली तर भवानीपूरला खोली घेता येईल; नाहीतर आई आणि धाकट्या बेबीला घेऊन मामाच्या दारात उभं राहायचं. आईने आतापासूनच भांडी पोत्यात भरायला घेतलीत. मला त्याचीच भीती वाटते.

म्हणून या वेळी इथल्या मुहूर्तावर गेलो. विश्वकर्मा पूजेला शोरूमची दारं सताड उघडी, गाड्यांना झेंडूच्या माळा, येईल त्याला प्रसाद. एक म्हातारे डॉक्टर तावातावाने भांडत होते. नंबर लावला तेव्हा मुलगी शाळेत होती, आता तिचं लग्न ठरलं, तरी गाडीचा पत्ता नाही! सगळे तोंड चुकवत होते. मी खिचडीचा द्रोण घेऊन त्यांच्याजवळ बसलो. "कोन रंग निच्छेन, डाक्तारबाबू?" कुठला रंग घेताय, एवढंच विचारलं. मग ते रंगावर बोलले, लग्नावर बोलले, चक्क हसलेसुद्धा.

मॅनेजर बघत होते. म्हणाले, "आमच्याकडे गाड्या कुठे आहेत? ताटकळलेली माणसं आहेत. त्यांना सांभाळणारा हवाय. सोमवारी मुलाखतीला या."

चिडलेल्या माणसाला तुम्हीही आधी बसवून चहा पाजायचात. कुठे शिकलो, ते वेगळं सांगायला हवं का?

उद्या ते विचारतीलच, वडील काय करतात? बाबा, हे मी अजून कुणालाच माझ्या तोंडाने सांगितलेलं नाही. प्रश्न आला की विषय बदलतो. उद्या बदलणार नाही. वडील गेले, घर माझ्यावर आहे, असं त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन सांगेन. वचन देतो.

तुमचा,
दिलीप