तुझा तांब्या पोस्टाने परत आला

प्रिय रूबीताई,

काल तुझ्या अँजेलाचं पार्सल आलं. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला तुझा तांब्या आणि तीन ओळींची चिठ्ठी. खोक्यावर पोस्टेज अकरा डॉलर वीस सेंट! पुण्याहून तुझ्यासाठी मागवला तेव्हा अख्खा तांब्या एवढ्याला पडला नव्हता. पण खर्चाचं जाऊ दे. अँजेला राहते आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. ती पोर तांब्या पोस्टाने पाठवते, म्हणजे तिला माझं तोंड बघायचं नाही. म्हणून तुला लिहायला बसले.

चिठ्ठीत लिहिलंय, "मिस सुमन, आईच्या मागे हा तुमच्याकडेच असू दे. महिनाअखेरीला हॉल रिकामा करायचाय. कोण विकत घेतंय ते आम्हाला कळलं."

आमचं मंडळ घेतंय, ताई. आमचं महाराष्ट्र मंडळ!

तुला मराठी वाचता यायचं नाही, ठाऊक आहे मला. पण माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. त्यात किराणा आणता येतो, मनातलं सांगता येत नाही. तू गेलीस तिथे भाषेची अडचण नसावी.

आपली पहिली भेट आठवते? आमचं वॉशिंग मशीन बिघडलं होतं आणि मी ओल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन लाँड्रीची जुनी पाटी बघून आत शिरले. लाँड्रीचा तुम्ही कधीच हॉल केलेला, आत मशीन एकही नाही. खुर्च्या, एक मोठा ढोल, आणि जमिनीवर ओळीने बसून एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या मुली. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "मशीन गेली, हनी. पण मागच्या अंगणात दोरी आहे, आणि ऊन अजून फुकट आहे."

ऊन फुकट! आमच्या कॉलनीत बाहेर कपडे वाळत घातले की असोसिएशनची नोटीस येते. गच्चीत पापड घातले तेव्हाही आली होती. मग काय, दर शनिवारी मी तुझ्या दारात. कपडे, सांडगे, गोधड्या. घानाचा तो टॅक्सीवाला माझे पापड राखायचा आणि राखता राखता खायचा. तू त्याला ओरडायचीस, "अरे, ती चादर नाही, जेवण आहे तिचं!"

मी एकदा तुला विचारलं होतं, तुम्हाला चर्च आहे, मग हा हॉल कशाला? तू हसलीस. "चर्चमध्ये नीट बसावं लागतं, मिस सुमन. ऑफिसात नीट, शाळेत नीट, पोलिसांनी गाडी थांबवली तर सगळ्यात नीट. आमच्या पोरांना पाय पसरून बसायला एक जागा नको?"

मला तेव्हा ते अर्धंच कळलं. माझ्या डोक्यात मंडळाची शाळा, मंडळाचा गणपती. आम्हाला कुणी कधी विचारलं का, हे कशाला म्हणून?

आणि ते पाणी घालणं! कार्यक्रम सुरू होण्याआधी तू कुंडीशी उभी राहायचीस, गेलेल्या माणसांचं एकेक नाव घ्यायचीस आणि प्रत्येक नावाला थोडं पाणी. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई झाडाला पाणी घालतेय, मी काय उभी राहू! बसूनच राहिले. तुम्ही सगळे उभे आणि मी एकटी खुर्चीत. पुढच्या शनिवारी मात्र प्लॅस्टिकचा जग माझ्या हातात दिलास. "तुझ्या आईचं नाव घे."

आमच्यात तर्पण पुरुषांनी करायचं. आई जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिच्या नावाने मी कधी थेंबभर पाणी सोडलं नव्हतं. "गंगू," मी म्हटलं, आणि तुम्ही सगळे एका आवाजात "गंगू" म्हणालात. अमेरिकेत, त्या लाँड्रीत, माझ्या आईचं नाव! दुसऱ्याच आठवड्यात भाचीकडून तांब्या मागवला. देवाचं पाणी प्लॅस्टिकमधून घालतात का?

तुझं पहिलं नाव नेहमी एकच असायचं: "जिचं नाव आम्हाला कुणी सांगितलं नाही ती." जिला जहाजातून आणून विकली, ती. मी म्हटलं होतं, माझ्या आजीचंही माहेरचं नाव मला ठाऊक नाही, लग्नात बदललं. तू म्हणालीस, "तुमचं बदललं, हनी. आमचं विकलं. ते एक नव्हे. पण घाल पाणी, तिलाही तहान लागली असेल."

आता ऐक. जागेच्या मालकाने विकायची पाटी लावली, ती आमच्या ह्यांनी पाहिली, मला शनिवारी घ्यायला आले तेव्हा. हे मंडळाच्या कमिटीवर. घरी मला अवाक्षर नाही! मी विचारलं तर म्हणाले, "अगं, आपण नाही घेतली तर कुणी कॉफीशॉप काढेल. आपण निदान त्यांना महिन्यातून एक शनिवार भाड्याने देऊ."

खोटं नाही ते. पण तुझी माणसं तुझ्याच हॉलमध्ये भाड्याने येणार, आणि पुन्हा नीट बसणार.

परवा आमच्याकडे बैठक झाली. मी चहा देत होते. देशपांडे वहिनी म्हणाल्या, "आधी उदकशांत करून घेऊ. काय काय शिजवलं असेल तिथे, देव जाणे!" मला ठाऊक आहे काय शिजलं. चवळी-भात, भेंडी. डुकराचं मांसही शिजलं, नाही कशाला म्हणू? पण माझं पातेलं तू वेगळं ठेवलंस, त्यावर लाल दोरा बांधून. आमच्यातल्या कुणी तुझ्यासाठी असं काही वेगळं केलं? गणपतीला तू माझ्या सांगण्यावरून आलीस तेव्हा तुला "केटरिंग मागच्या दाराने" असं सांगितलं. तू त्यावर हसलीस. मी का गप्प बसले, हे तू कधी विचारलं नाहीस. विचारायचंस ना गं!

रविवारी मंडळाची सभा आहे. मी आजवर सभेत तोंड उघडलेलं नाही, फक्त मोदक वळले. सगळ्या मंडळाचे उकडीचे मोदक माझ्याच हातचे, आणि माझी सेवा म्हणून एवढीच. तर माझा शब्द आहे तुला: रविवारी उभी राहीन आणि ह्यांच्यासमोर सांगेन की ही जागा मागू नका, त्यांना ती घ्यायला हातभार लावा. ऐकलं नाही, तर त्या हॉलमध्ये मी मोदक वळणार नाही. मंडळात कोण बोलेल, कोण बोलायचं थांबेल, घरात काय होईल, ठाऊक नाही. आणि सभेला जाण्याआधी अँजेलाच्या दारी जाणार आहे, तांब्या भरून. दार उघडलं नाही, तर पायरीजवळच्या कुंडीत तुझ्या नावाने पाणी घालून येईन.

एकच खुपतं. बाप्पाची सेवा नाकारणं पाप तर नाही ना? तिकडे गाठ पडली तर माझ्यासाठी विचार, आणि काय म्हणाले ते उलट टपाली कळव. रविवारच्या आत.

तुझी,
मिस सुमन