जेवणाआधीची नावं

ता. ४ फेब्रुवारी

ती. थोरल्या काकांस,
सा. न. वि. वि.

सात वर्षांनी माझं अक्षर बघून तुमचा चष्मा नाकावरून घसरला असेल. मी इथे एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. दिवसभर चादरींना इस्त्री करते, तुमच्या दुकानातली सवय कामी आली. आपल्या गल्लीतली एक बाई इथे भरती होती. आईची नजर अधू झाली, असं ती म्हणाली. तेवढंच खरं-खोटं कळवा. मी पत्र लिहिलं हे आईला सांगू नका. आणि उपदेश नको. देवळाची घंटा ऐकू आली तरी मी दुसऱ्या रस्त्याने जाते.

लोभ मागायचा हक्क उरलेला नाही, तरी मागते.
तुमची पुतणी

ता. ११ फेब्रुवारी

चि. खारूताई हिस,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला सांगायचं नव्हतं, पण तुझ्या काकाच्या पोटात तीळ भिजत नाही हे तू विसरलीस. पाकीट बघूनच तिनं ओळखलं. तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण माणूस ओळखता येतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात.

उपदेश करत नाही, कबुली देतो. जेवणाआधी घरच्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करायची, हे आपल्या घरात थोरल्याचं काम. माझ्या भावाला, तुझ्या बापाला, मातीत ठेवून आलो त्या दिवसापासून मी तुझं नाव गाळलं. आमेन म्हटल्यावरही तुझी आई घास उचलायला वेळ लावायची. मला वाटायचं, दातांची तक्रार असेल. परवा तुझं पत्र हातात धरून तिनं सांगितलं की तेवढ्या वेळात ती तुझं नाव घ्यायची. सात वर्षं, दोन्ही वेळा. मी शिंपी माणूस, पण देवाच्या प्रेमाला माझीच टेप लावून बसलो होतो. शिवण चुकली की वरून टीप मारून भागत नाही, उसवावीच लागते. आता तुझं नाव पहिलं घेतो.

ये. आईला भेटून जा.

माया आहेच, ती वेगळी कळवायला नको.
तुझा काका

ता. २० फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि एक चादर करपवली. मुकादमीण म्हणाली की डोळे पुसायचे तर टॉवेल घे, चादरी मोजून येतात.

काका, कोणत्या तोंडाने येऊ? तुम्हाला वाटतं, मी औषध आणायला गेले आणि बसमध्ये बसले. त्याआधीचं कोणालाच माहीत नाही. बाबांनी अंथरुणावरून पाणी मागितलं होतं. दोनदा. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चपला घातल्या. दोन वर्षं त्यांचं सगळं केलं आणि शेवटी एक पेला दिला नाही.

मला एक वर्ष द्या. आधी देवळात जायला लागते, प्रार्थना पुन्हा जमते का बघते. जरा माणसात आले की मग येईन.

राग धरू नका.
तुमची पुतणी

ता. २६ फेब्रुवारी

चि. खारूताई हिस,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची छाती झाली नाही. पाण्याचं तुझ्या बापाने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. तू ऐकलंस, हे त्याला कळलं होतं. तो म्हणाला की पोर फार दमली होती, पाणी शेजारणीने दिलं, आणि तिची खबर लागली की तिला सांग, माझ्या मनात काही नाही. हा निरोप मी रागापायी गिळला. तुझा पत्ता शोधलाही नाही. घर सोडून तू गेलीस, पण त्याच्या मायेपासून मी घरात बसून लांब गेलो. मला क्षमा कर.

आता तुझं एक वर्ष. काट्यात अडकलेलं मेंढरू लोकर विंचरून कळपात येत नाही, बाई. मेंढपाळच काट्यात शिरतो आणि आहे तसं खांद्यावर घेतो. मी हे मोठ्या ऐटीत तुझ्या आईला ऐकवलं. ती म्हणाली की सगळं खरं, पण त्या मेंढपाळाने मेंढराला पत्र नव्हतं पाठवलं. एवढं बोलून तिनं खुंटीवरची पिशवी काढली.

तेव्हा गुरुवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं निघतो. तिला पायऱ्या दिसत नाहीत आणि माझे गुडघे ऐकत नाहीत, म्हणजे दोघांत मिळून एक धड माणूस येतंय असं समज. अकरापर्यंत धुलाईघराच्या दाराशी पोचू. रजा काढू नकोस, तोंड धुऊन तयार राहू नकोस. दुसऱ्या रस्त्याने निघून गेलीस तरी चालेल. तुझी आई म्हणते, आपण तिथेच बसू, तिला कामावर परत यावंच लागेल.

बाकी भेटीत.
तुझा काका