काकांच्या गाडीचा खरा आवाज

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तुझी कंबर आता वाकते का? इकडे सगळे क्षेम आहोत, फक्त मला डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतं. कारण पुढे येईलच.

काका गेल्यावर त्यांच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारबद्दल तुझ्या आईने, म्हणजे आमच्या काकूने, अट घातली : "ह्यांच्या वेळचा आवाज आला तर ठेवा, नाहीतर विकून मोकळे व्हा." विकायची कल्पना मला सहन होत नाही (गाडी माझी नाही, मग सहन न करणारा मी कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही). म्हणून तू पाठवलेले हेडर्स बसवले. इंजिनाचा धूर गोळा करणारा जुना बिडाचा मॅनिफोल्ड काढला आणि त्या जागी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी आली. गाडी सुरू केली, तर समोरच्या दंतवैद्याचा पेशंट दात अर्धवट सोडून जिना उतरला. काकू म्हणाली, "हे ह्यांचं नव्हे. हे ह्यांच्या भावाचं घोरणं." (म्हणजे माझ्या वडिलांचं. मी रागवायला हवं होतं का?)

मग जुना मॅनिफोल्डच परत बसवायचं ठरवलं. त्याला तडा दिसला, तो मी आधी इमानदारीने सांधून घेतला. गाडी इतकी गप्प झाली, की काकूने विचारलं, "बरं नाही का तिला?" मेकॅनिक म्हणाला, काकांच्या वेळची ती टकटक तड्यातून निसटणाऱ्या धुराचीच. म्हणजे आपण इतकी वर्षं जिला ऐट समजलो, ती गळती! मग खरा आवाज कोणता, धडधाकट गाडीचा की काकांच्या गाडीचा? मी त्याला पुन्हा तडा पाडायला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, घरात मोठं माणूस कोणी नाही का?"

तेव्हा तूच सांग, तडा पाडू का?

तुझा,
गोंधळलेला धाकटा

ता. क. काकूने हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. म्हणते, आवाज तिला आठवतच नाही. जन्मभर शेजारच्या सीटवर बसून कंटाळली, आता गाडी ठेवायची तर चालवणार ती. मग अट कशाला घातलीस, विचारलं. "वाटलं, कुणीतरी मला विचारेल. तुम्ही सगळे गाडीलाच विचारत बसलात."

ता. क. २ : आज शिकवणीचा पहिला दिवस झाला. आपल्या अंगणाला फाटक होतं. तड्याचं राहू दे. हेडर्स मी उद्याच पुन्हा चढवतोय, आणि त्याहून मोठा आवाज करणारे मिळत असतील तर ताबडतोब पाठव. लोकांना बाजूला व्हायला वेळ मिळायला हवा.