माझ्या वजनाची दुसरी

सर,

तुम्ही गेल्याला पंधरा वर्षं होऊन गेली, पण रविवारी सकाळी तुमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जो वाद चालायचा तो काही मिटला नाही. कोणत्या काळातला हेवीवेट बॉक्सर मोठा, जुना की नवा. फरक एवढाच की गेल्या महिन्यात हा वाद माझ्यावरून झाला, तोही वर्ध्यातल्या एका सभागृहात, माइकवर, भरल्या खुर्च्यांसमोर. त्यानंतर जे घडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. आज साप्ताहिक सुट्टी आहे, घरात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलं ते पार्सल ऑफिसच्या दारात. आमच्या सिंदीच्या शेतातला भाजीपाला त्या वेळी बाबा वर्ध्याहून गाडीनं बाहेर पाठवत, आणि घरात मोठा भाऊ नसल्यामुळे पोती उचलायला मी. बारावीत होते. वांग्यांचं पोतं खांद्यावर घेऊन मी आत आले तर काउंटरमागे एक बारीक, बुटका माणूस उभा. हातातला पेन तसाच ठेवून त्यानं विचारलं, "किती वजन आहे वं तुझं?" मला वाटलं पोत्याचं विचारताहेत. बाबांना मात्र बरोबर कळलं. ते पुढे झाले, "पोरीचं वजन काऊन विचारता, साहेब?" गावात माझ्या अंगावरून बोलणारे कमी नव्हते. आई तर मला लग्नाघरी मागच्या रांगेत बसवायची. तुम्ही शांतपणे म्हणालात, "भाऊ, रागावू नका. इथं कोरटाच्या मागं मी बॉक्सिंग शिकवतो. अशे खांदे मले नोकरीच्या सगळ्या सालात दिसले नाई." परतीच्या गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "तुले जायचं आहे का?" माझ्या अंगाबद्दल कोणीतरी लाज न वाटता बोललं होतं. मी हो म्हटलं.

रविवारी सरावानंतर आम्ही सगळे तुमच्याकडे. काकू स्वयंपाकघरात पोह्यांची मोठी कढई चढवत आणि माझ्यासाठी चार अंडी वेगळी उकडत. ती अंडी मी मुलांकडे पाठ करून खायची. बाहेरच्या खोलीत व्हीसीआर, आणि कोणाकोणाकडून मागून आणलेल्या कॅसेटी. एकीत पाऊस पडावा तसं चित्र, त्यात बिनरंगी काळातले बॉक्सर. दुसरीत अलीकडचे, डोंगरासारखे. नावं लिहीत नाही, तुम्हाला तोंडपाठ होती. मुलं भांडायची. एक म्हणायचा जुन्यांनी पंधरा-पंधरा राउंड खेळल्या, आताचे बारातच दमतात. दुसरा म्हणायचा, पण जुन्यांचं वजन बघ ना, आजच्या हिशेबानं ते हेवीवेटच नाहीत. मग सगळे माझ्याकडे वळायचे, कारण त्या खोलीत खरी हेवीवेट मी एकटीच. "तू सांग. तुले कोणाचा ठोसा जड वाटते?" एकदा मी ऐटीत सांगून टाकलं की हा काळा-पांढरा तर आजच्या माणसापुढं पहिल्याच राउंडमध्ये झोपला असता. मुलं हसली. तुम्ही टीव्ही बंद केलात. "त्याच्यापुढं जो उभा होता त्याले त्यानं पाडलं," तुम्ही म्हणालात. "जो जन्मालेच आला नोता त्याचा हिशेब तू त्याले काऊन मागून राह्यली? आपल्या वेळचा माणूस समोर येते, त्याच्याशी खेळा लागते. बाकी समद्या चहावरच्या गोष्टी." माझ्यावर तुम्ही आवाज चढवलात तो तेवढाच. काकू दारातून म्हणाल्या, "अहो, पोरीले खाऊ तरी द्या," आणि तुम्ही पुन्हा टीव्ही लावलात.

माझी अडचण अशी की माझ्या वेळचं माणूस समोर येतच नव्हतं. मुलींचं बॉक्सिंग नुकतंच सुरू झालेलं. हलक्या गटांत पाच-सहा पोरी असायच्या, सगळ्यात वरच्या गटात मी. तुम्ही मला घेऊन नागपूरला गेलात, अमरावतीला गेलात. नागपूरच्या एका क्लबात तिथल्या उस्तादानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "इतनी बड़ी लड़की हम कहाँ से लाएँ, साहब?" आपल्याकडे कोरटामागं मुलं माझ्याशी खेळायची, पण बाईमाणूस म्हणून हात आखडून. तुम्ही ओरडायचात, "मार ना बे, फुलं वाहून राह्यला का?" दोन दिवस त्यांचे हात जरा मोकळे व्हायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या पायाचे बूट मिळेनात, तेव्हा स्टेशनसमोरच्या चांभाराकडे तुम्ही दोन संध्याकाळी बसून नऊ नंबरचे शिवून घेतलेत. ते देताना म्हणालात, "आता पायाचं कारण सांगजो नको." मी कधी सांगितलंही नाही.

राज्य स्पर्धेत मी रिंगमध्ये चढले, डोक्याला गार्ड, हातात ग्लोव्हज. समोरच्या कोपऱ्यातलं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. ती पोरगी आलीच नव्हती. घंटा वाजली, पंचानं माझा हात वर केला, आणि मी सुवर्णपदक घेऊन खाली उतरले. अंगाला घामसुद्धा आला नव्हता. पुढच्या वर्षी गटात नावच माझं एकटीचं. सिंदीच्या चौकात माझा बॅनर लागला. आईनं पहिल्यांदा मला पुढच्या रांगेत बसवलं. मी तुम्हाला म्हटलं, "सर, मी तर कोणालेच हरवलं नाई." तुम्ही म्हणालात, "तू आली होती. ते नाई आली. एवढंच लिहिलं जाते." राष्ट्रीय स्पर्धेला एकच लढत मिळाली. ती मुलगी वजनाच्या काट्यावर कशीबशी आमच्या गटात बसलेली, चपळ. माझ्याभोवती फिरत राहिली आणि टोचत राहिली. गुणांवर हरले. पण मार असा बसलाच नाही. मग एसटीत कंडक्टर लागले, लग्न झालं, मुलगा झाला. वर्धा-जाम-हिंगणघाट ही गाडी माझी. तुमची बातमी मला गाडीतच कळली, एका प्रवाशाकडून, तुम्हाला जाऊन दोन दिवस झाल्यावर. त्याला तिकीट दिलं, सुटे पैसे दिले आणि घंटी मारली. घरी येऊनही रडले नाही. काकूंना भेटायला गेले तर त्यांनी विचारलं, "जेवली का?"

आता गेल्या महिन्याचं. जामची एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. हायवेवर तिच्या वडिलांचं ट्रकचे टायर दुरुस्त करायचं दुकान आहे. तीही आमच्याच गटातली, सगळ्यात वरच्या. पण तिच्या गटात आता पोरींची रांग असते. ती खरोखर लढून, एकेक फेरी काढून राष्ट्रीय पदक घेऊन आली. तिचा सत्कार होता, आणि जिल्ह्यातली पहिली महिला बॉक्सर म्हणून मलाही बोलावलं. सूत्रसंचालकानं आम्हा दोघींना शेजारी उभं केलं आणि लोकांना विचारलं, "काय मंडळी, दोघींची लागली असती तर कोण?" लोक हसले. मागून कोणी ओरडलं, "कंडक्टर बाई! तिकीटच नाई काढू देणार!" पुन्हा हशा. माइक माझ्या हातात आला. मी तुमचंच सांगितलं, की आपल्या वेळचं माणूस समोर येतं, त्याच्याशी खेळावं लागतं, दोन काळांची तुलना करू नये. टाळ्या पडल्या. तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं.

जेवणाच्या रांगेत ती मुलगी माझ्या मागे उभी राहिली. ताट हातात. "मॅडम, ते स्टेजवरचं सोडा. खरं सांगा ना."

"काय खरं?"

"कोण जिंकलं असतं ते. मले लय दिवसापासून वाटून राह्यलं. लहानपणी तुमच्याच गाडीनं शाळेत येत होती मी. बाबा दाखवत, या बाई चॅम्पियन होत्या म्हणून." तिनं वरण घेतलं, मग हळूच म्हणाली, "एक दिवस खेळता का माझ्यासंग? हलकंच."

रविवारी सकाळी तिच्या सरावाच्या ठिकाणी गेले. घरी सांगितलं की मैत्रिणीकडे जाते. त्रेचाळीस वर्षांची बाई, गुडघे वाजताहेत, पोट सुटलेलं. तिच्या तरुण कोचनं माझ्या डोक्याला गार्ड बांधताना दहादा बजावलं, "मॅडम, दोनच राउंड. हलकं." पहिल्या राउंडमध्ये मला माझंच आश्चर्य वाटलं. डावा हात विसरला नव्हता. ती बाहेर सरताना उजवा हात खाली सोडते हे मी अर्ध्या मिनिटात पाहिलं आणि तिथं एक सरळ ठोसा बसवला, डोक्याच्या गार्डवर, मधोमध. कोच "वा!" म्हणाला. मुलीचे डोळे बदलले. ते मला आवडलं, सर. माझ्यासमोर कोणाचे डोळे असे कधी बदलले नव्हते.

दुसऱ्या राउंडमध्ये तीच फट पुन्हा दिसली. मी आत शिरले. तिचा डावा हात कुठून आला ते दिसलंच नाही. उजव्या बरगडीच्या खाली बसला. आधी काहीच वाटलं नाही, आणि मग एकदम सगळा श्वास निघून गेला. मी एका गुडघ्यावर होते. जमिनीवरची धूळ दिसत होती, कोणाचे तरी बूट दिसत होते. "मॅडम! मॅडम, सॉरी! जोरात लागली का?" ती रडायच्या बेतात. हवा परत यायला वेळ लागला. त्या वेळात माझ्या मनात दुखण्याचा विचार नव्हता. तर हे असं असतं, एवढंच मनात येत होतं. मी दोनदा राज्याची विजेती होते, त्याच जोरावर नोकरी मिळाली, बॅनर लागले, सभागृहात खुर्ची मिळाली, आणि माझ्या वजनाच्या बाईनं मन लावून मारलेला हात मला आयुष्यात पहिल्यांदा लागला होता, त्रेचाळिसाव्या वर्षी. तुम्ही नागपूर-अमरावती माझ्यासाठी जे शोधत फिरलात ते हेच होतं. मला तेव्हा वाटायचं की तुम्ही पदकाच्या मागे आहात.

मी उठले. "चल, पुन्हा हात वर घे," म्हटलं, पण कोचनं मधे येऊन दोघींचे हात धरले. मग आम्ही पायरीवर बसलो. तिनं पाण्याची बाटली दिली. जरा वेळानं म्हणाली, "आता तरी सांगा, कोण?"

"आज तू," मी म्हटलं.

"अन् तवाच्या तुम्ही असत्या तर?"

"तवाची मी तुले कुठून आणून दाखवू? तुह्या उजव्या हाताचं पाह्य आधी. खाली येते तो."

"आमचे सरबी रोज हेच ओरडतात," ती हसून म्हणाली, आणि तिथंच उभी राहून हात वर धरून दोन-चारदा मागे सरून पाहू लागली. मी बसल्या जागेवरून सांगत गेले. दर रविवारी याल का, असं तिच्या कोचनं विचारलं. ड्युटी पाहून सांगते म्हटलं. दोन रविवार झाले, जाते आहे. फक्त पॅड धरते, रिंगमध्ये उतरत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? काकूही आता नाहीत, आणि क्वार्टरमध्ये दुसरंच बिऱ्हाड आहे. लिहून झालं की कपाटात साड्यांखाली ठेवीन. एकच गोष्ट राहिली. बरगडीवर जांभळा डाग होता, आता पिवळा पडला आहे. नवऱ्यानं विचारलं तेव्हा गाडीचं दार लागलं म्हणून सांगितलं, आणि तो रोज डॉक्टरकडे चल म्हणतो तर मी टाळते. सकाळी आंघोळीच्या वेळी मी तिथं बोटानं दाबून पाहते. दुखलं की बरं वाटतं. कालपासून जरा कमी दुखतं आहे.